‘सेट’ या इंग्रजी क्रियापदाची व्युत्पत्ती व अर्थबहुलता : मराठी ‘बसवणे’ व ‘लावणे’ यांच्या संदर्भात

प्रस्तावना

इंग्रजी भाषेच्या अध्ययनात लांबलचक आणि अवघड दिसणारे शब्द विद्यार्थ्याला फार काळ छळत नाहीत. ‘फोटोसिंथेसिस’ या शब्दाचा अर्थ एकदा समजला की तो वाक्यागणिक बदलत नाही. खरी अडचण निर्माण होते ती तीन-चार रोमन अक्षरांच्या, रोजच्या वापरातील क्रियापदांमुळे. ‘सेट’ हे असेच एक क्रियापद आहे. शालेय वयात त्याचा अर्थ ‘ठेवणे’ असा पाठ होतो आणि पुढे महाविद्यालयात हाच अर्थ विद्यार्थ्याची वाट अडवतो. डॉक्टर हाड ‘सेट’ करतात, प्राध्यापक प्रश्नपत्रिका ‘सेट’ करतात, सूर्य ‘सेट’ होतो, सिमेंट ‘सेट’ होते, कैद्याला मुक्त ‘सेट’ केले जाते आणि प्रवासी पहाटे ‘सेट आउट’ करतो. यांपैकी एकाही ठिकाणी ‘ठेवणे’ हा अर्थ नीट लागू पडत नाही.

अशा वेळी अर्थांची यादी पाठ करणे एवढाच मार्ग विद्यार्थ्यापुढे उरतो. हे अर्थ वरवर पाहता विस्कळीत वाटत असले तरी ते एका बीजापासून वाढलेले आहेत काय, आणि असल्यास ते बीज मराठी भाषकाला आपल्या भाषेतून ओळखता येईल काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. कोशकारांपुढील समस्या

‘सेट’सारख्या क्रियापदांनी केवळ विद्यार्थ्यांनाच नव्हे, तर थोर कोशकारांनाही जेरीस आणले आहे. सॅम्युअल जॉन्सन याचा इंग्रजी कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा अर्थ सैल व व्यापक असल्यामुळे मूळ अर्थापासून पुढच्या अर्थांचा माग काढणे दुष्कर होते, अशा काही क्रियापदांचा उल्लेख त्याने कोशाच्या प्रस्तावनेत केला आहे. ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘रन’, ‘मेक’, ‘टेक’ यांच्या पंक्तीत त्याने ‘सेट’लाही बसवले आहे.

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’चा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत दीर्घ होती. तिचा विस्तार सुमारे ६०,००० शब्दांचा असून केवळ मूळ क्रियापदाचेच सुमारे ४३० अर्थ तीत नोंदवलेले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीचे काम ‘एम’ या अक्षरापासून सुरू झाले आणि २००० मध्ये ‘मेक’ने, २००७ मध्ये ‘पुट’ने, तर २०११ मध्ये ६४५ अर्थांच्या ‘रन’ने हा विक्रम क्रमाक्रमाने मागे टाकला. तथापि ‘सेट’चे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. अर्थ मोजता येतात, परंतु मोजल्याने ते समजत नाहीत. ते समजण्यासाठी मूळ पाहावे लागते.

२. व्युत्पत्ती : बसणे आणि बसवणे

‘सेट’चे प्राचीन इंग्रजीतील रूप ‘सेट्टन’ असे होते. जर्मनमधील ‘झेट्सेन’, डचमधील ‘झेटन’, प्राचीन नॉर्स भाषेतील ‘सेट्या’ आणि गॉथिक भाषेतील ‘सट्यन’ ही त्याची भावंडे होत. या सर्वांचा अर्थ एकच : बसवणे. म्हणजे ‘सेट’ हे मुळात स्वतंत्र क्रियापद नसून ‘सिट’ म्हणजे बसणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे.

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांच्या समान उगमाचा विचार मांडला. पुढे याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतील व्यंजनपरिवर्तनाचे नियम विस्ताराने मांडले. त्यांतील एका नियमानुसार मूळच्या ‘द’च्या जागी जर्मानिक भाषांत ‘ट’ येतो. संस्कृत ‘दश’ आणि इंग्रजी ‘टेन’, संस्कृत ‘दन्त’ आणि इंग्रजी ‘टूथ’, संस्कृत ‘द्वि’ आणि इंग्रजी ‘टू’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. हाच नियम ‘सिट’ला लावला असता समोर येतो तो संस्कृतातील ‘सद्’ हा धातू. ‘सीदति’ म्हणजे बसतो आणि ‘सादयति’ म्हणजे बसवतो. ‘सिट’ व ‘सेट’ या जोडीचे नाते नेमके हेच आहे.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. ‘सादयति’मधील ‘अय’ हा प्रयोजकाचा अंश आणि गॉथिक ‘सट्यन’मधील ‘य’ यांचे मूळ एकच मानले जाते. प्राचीन इंग्रजीच्या घडणीत या ‘य’ने आधीच्या ‘अ’ स्वराला ‘ए’कडे ओढले, ‘ट’चे द्वित्व केले आणि तो स्वतः लोप पावला. म्हणूनच आजच्या ‘सेट’मध्ये प्रयोजकाचा प्रत्यय दिसत नाही. त्याची खूण तेवढी ‘ए’ या स्वरात शिल्लक आहे.

मराठीत प्रयोजक क्रियापदे तयार करण्याची प्रक्रिया आजही जिवंत आहे : करणे–करवणे, चालणे–चालवणे, बसणे–बसवणे. मरणे–मारणे, पडणे–पाडणे अशा जोड्यांत केवळ स्वर दीर्घ होऊन प्रयोजकाचा अर्थ येतो. इंग्रजीत ही प्रक्रिया लुप्त झाली असून तिचे काही अवशेष तेवढे राहिले आहेत. ‘लाय’ म्हणजे पडून असणे व ‘ले’ म्हणजे आडवे ठेवणे, ‘फॉल’ म्हणजे पडणे व ‘फेल’ म्हणजे झाड तोडून पाडणे, आणि ‘सिट’ व ‘सेट’ हे असे अवशेष होत. ‘लाय’ व ‘ले’ यांत आजही अनेकांचा गोंधळ होतो, त्याचे कारण हेच की त्यांच्यामागचा नियम भाषेच्या व्यवहारातून नाहीसा झाला आहे.

‘सेट’ची तिन्ही रूपे समान का, हा वर्गात हमखास विचारला जाणारा प्रश्नही येथेच सुटतो. प्राचीन इंग्रजीत त्याचे भूतकाळी रूप ‘सेट्टे’ असे होते. भूतकाळाचा प्रत्यय धातूच्या अंत्य ‘ट’मध्ये मिसळला आणि कालांतराने शेवटचा स्वरही गळाला. त्यामुळे वर्तमान व भूत यांतील भेद मिटला. ‘शट’ या क्रियापदाचा इतिहास असाच आहे. तात्पर्य, ‘सेट’ हे मुळात अनियमित क्रियापद नाही. एका नियमित क्रियापदाची ती झिजलेली रूपे आहेत.

३. ‘सद्’चे कुटुंब

या धातूचा परिवार मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. सभेत बसणारा तो सभासद. एकत्र बसण्याची ती संसद. सभोवती बसलेल्यांची ती परिषद. गुरूच्या जवळ बसून मिळवायचे ज्ञान ते उपनिषद, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. प्रसाद आणि विषाद हे शब्दही याच धातूपासून उपसर्गांच्या योगाने सिद्ध झाले आहेत.

पश्चिमेकडील शाखेत लॅटिन ‘सेदेरे’ म्हणजे बसणे या क्रियापदापासून ‘सेशन’, ‘प्रेसिडेंट’, ‘सेडिमेंट’ हे शब्द इंग्रजीत आले, तर ग्रीक ‘हेड्रा’ म्हणजे आसन या शब्दातून ‘कॅथीड्रल’ आला. जर्मानिक शाखेतून ‘सीट’ व ‘सेटल’ हे शब्द मिळाले. या कुटुंबातील सर्वांत हृद्य जोडी मात्र इंग्रजी ‘नेस्ट’ आणि संस्कृत ‘नीड’ यांची आहे. ‘नि’ म्हणजे खाली आणि ‘सद्’ म्हणजे बसणे. पक्ष्याने जेथे खाली बसावे ती जागा म्हणजे घरटे. दोन्ही शब्दांत धातूचा स्वर लोपला आहे, आणि म्हणून प्रथमदर्शनी हे नाते लक्षात येत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ध्वनी किंवा अर्थ जुळला म्हणजे नाते जुळतेच असे नाही. ‘आसन’ हा शब्द बसण्याशी निगडित असला तरी तो ‘आस्’ धातूपासून आला आहे. ‘शेट’ किंवा ‘शेठ’ हा शब्द ‘श्रेष्ठी’पासून आला असून ‘सेट’शी त्याचा काही संबंध नाही. आणि महाविद्यालयीन अध्यापनाचे दार उघडणारी ‘सेट’ परीक्षा ही तर केवळ आद्याक्षरांची जुळणी आहे.

४. अर्थविस्ताराची दिशा

‘बसवणे’ हे बीज मानले की ‘सेट’चे प्रमुख अर्थ पुढील सहा गटांत मांडता येतात.

(अ) प्रत्यक्ष वस्तू तिच्या जागी बसवणे : इंग्रजीत कोंबडी अंड्यांवर ‘सेट’ करतात, मराठीत ती बसवतात. हिरा कोंदणात ‘सेट’ होतो, मराठीत तो बसवला जातो. निखळलेले हाड ‘सेट’ करतात, मराठीत ते बसवतात. या गटात दोन्ही भाषा जवळजवळ शब्दशः जुळतात. नुसते ‘ठेवणे’ येथे अपुरे पडते, कारण ठेवलेली वस्तू कुठेही असू शकते. बसवलेली वस्तू मात्र तिच्या योग्य जागी व पक्की असते.

(आ) अमूर्त गोष्ट पक्की करणे : तारीख, किंमत, मर्यादा किंवा नियम ‘सेट’ करणे म्हणजे तो ठरवणे. मराठीत आपण येथे ‘ठरवणे’ हे क्रियापद वापरतो. परंतु कर बसवणे, वचक बसवणे, व्यवहाराची घडी बसवणे या प्रयोगांत मराठीनेही अमूर्त गोष्टींना आसन दिलेले आहेच.

(इ) वस्तू कार्यासाठी सज्ज करणे : गजर, सापळा किंवा घड्याळ ‘सेट’ करणे, जेवणाचे टेबल ‘सेट’ करणे, प्रश्नपत्रिका ‘सेट’ करणे. येथे घटक आपापल्या जागी बसवून पूर्ण रचना वापरायोग्य करणे हा अर्थ आहे. मराठीत गजर व सापळा लावतात, पाने मांडतात, प्रश्नपत्रिका काढतात. गाण्याचे शब्द संगीतात ‘सेट’ करतात, तर मराठीत त्यांना चाल लावतात.

(ई) एखाद्या स्थितीत नेणे : ‘सेट फ्री’ म्हणजे मुक्त करणे, ‘सेट राइट’ म्हणजे नीट करणे. येथे जागा भौतिक नसून अवस्थेची आहे. ‘मार्गी लावणे’ आणि ‘कामाला लावणे’ हे मराठी प्रयोग याच प्रकारचे आहेत.

(उ) अकर्मक अर्थ, स्वतः बसणे वा घट्ट होणे : सिमेंट, जेली किंवा दही ‘सेट’ होते, म्हणजे हलणारा पदार्थ स्थिर होतो. मराठीत दही लागते आणि गाळ तळाशी बसतो. सूर्य ‘सेट’ होतो याचा खुलासाही येथेच मिळतो. प्राचीन इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेट्लगांग’ असा शब्द होता. ‘सेट्ल’ म्हणजे आसन आणि ‘गांग’ म्हणजे जाणे. दिवसभर चालून सूर्य अखेर आपल्या आसनाकडे जातो, अशी ही कल्पना आहे.

(ऊ) गतीचा अर्थ, निघणे : ‘सेट आउट’ व ‘सेट ऑफ’ यांचा अर्थ प्रवासाला निघणे. बसण्यातून निघणे कसे उद्भवले, ही शंका स्वाभाविक आहे. स्वतःला वाटेवर ठेवणे, या अर्थाच्या प्रयोगातील ‘स्वतःला’ हे कर्म गळून हा अर्थ आला असावा, असे समजता येते. मराठीत ‘लागणे’ म्हणजे चिकटणे, स्पर्श होणे. तरीही निघून जाणाऱ्याविषयी आपण ‘तो वाटेला लागला’ असे म्हणतो, आणि दुसऱ्याला घालवून देण्याला ‘वाटेला लावणे’ म्हणतो. स्थिरतेच्या क्रियापदातून गतीचा अर्थ काढण्याची किमया मराठीनेही साधली आहे.

या गटांवरून असे दिसून येते की ‘सेट’च्या अर्थविश्वाला मराठीत एक नव्हे, तर दोन प्रमुख किल्ल्या आहेत. वस्तू जागी पक्की होते तेथे ‘बसवणे’, आणि वस्तू कार्याला किंवा स्थितीला जोडली जाते तेथे ‘लावणे’. या दोहोंची अकर्मक रूपे, बसणे व लागणे, इंग्रजीतील अकर्मक ‘सेट’चा बराचसा प्रदेश व्यापतात. इंग्रजीत पावसाळा ‘सेट इन’ होतो, मराठीत तो लागतो.

विशेष म्हणजे ‘बसणे’ हे क्रियापद ‘सद्’पासून आलेले नाही. ते संस्कृत ‘उपविश्’पासून प्राकृतमार्गे ‘बैसणे’ असे होऊन आले आहे. ‘लागणे’चे मूळ ‘लग्’ या धातूत आहे. म्हणजे ‘सेट’ व ‘बसवणे’ यांतील साम्य हे रक्ताचे नाते नव्हे. दोन भिन्न मुळांच्या शब्दांनी स्वतंत्रपणे सारखाच प्रवास केला, याचा अर्थ हा प्रवास आकस्मिक नाही. अमूर्त कल्पना समजून घेताना माणूस शरीराच्या परिचित अनुभवांचा आधार घेतो, असे प्रतिपादन जॉर्ज लेकॉफ व मार्क जॉन्सन यांनी १९८० च्या आपल्या ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’ या ग्रंथात केले आहे. बसणे हा तर लहान मुलालाही ठाऊक असलेला स्थैर्याचा अनुभव आहे. विश्वास ‘बसतो’ आणि जम ‘बसतो’, तो याच अनुभवाच्या बळावर.

५. नामाचे दुसरे मूळ

आतापर्यंतच्या विवेचनात न बसणारा एक अर्थ उरतो, तो म्हणजे समूह किंवा संच. चहाच्या कपांचा ‘सेट’, पुस्तकांचा ‘सेट’, विशिष्ट वर्तुळातील लोकांचा ‘सेट’. या नामाचा उगम निराळा आहे. जुन्या फ्रेंचमधील ‘सेट’ हा शब्द लॅटिन ‘सेक्ता’पासून आला. ‘सेक्ता’ म्हणजे अनुयायांचा समुदाय, पंथ. त्याचे मूळ ‘सेक्वी’ म्हणजे मागे जाणे या क्रियापदात आहे. त्याच मुळातून संस्कृतात ‘सच्’ धातू व त्यापासून ‘सचिव’, म्हणजे सोबत राहणारा, हा शब्द सिद्ध झाला.

इंग्रजीत ही दोन वेगवेगळ्या मुळांची नावे उच्चारात एकरूप झाली आणि त्यांचा परस्परांवर प्रभाव पडला. एकत्र ‘मांडून ठेवलेल्या’ वस्तू म्हणजे ‘सेट’, असे भाषकांना वाटू लागल्याने समूहाच्या अर्थाला क्रियापदाचाही आधार मिळाला. गेऑर्ग कॅन्टर यांनी १८७० च्या दशकात ज्या सिद्धान्ताचा पाया घातला, त्याला इंग्रजीत ‘सेट थिअरी’ हे नाव रूढ झाले. मराठी गणितात त्यासाठी ‘संच’ हा शब्द रुळला आहे. तो ‘सम्’ व ‘चि’ यांवरून म्हणजे एकत्र गोळा करण्यावरून आलेला असल्याने समूहाचा अर्थ तो निःसंदिग्धपणे देतो.

६. मराठीने स्वीकारलेला ‘सेट’

मराठीने हा शब्द उसना घेताना दोन्ही मुळांचे अर्थ घेतले. ‘चहाचा सेट’ यात समूह आहे, तर ‘चित्रपटाचा सेट’ यात उभारणी आहे. ‘मुलगा पुण्यात सेट झाला’ या वाक्यात तर मराठीने स्वतःचाच अर्थ इंग्रजी शब्दात ओतला आहे. येथे ‘सेट होणे’ म्हणजे घडी बसणे, जम बसणे. प्रमाण इंग्रजीत या प्रसंगी ‘सेटल’ हे क्रियापद अपेक्षित असते, ‘सेट’ नव्हे. असे प्रयोग इंग्रजी लिहिताना जसेच्या तसे उतरल्यास ते सदोष ठरतात, याकडे अध्यापकाने लक्ष वेधणे आवश्यक आहे.

७. अध्यापनातील उपयोजन

वरील विवेचनाचा वर्गातील उपयोग साधा आहे. ‘सेट’ असलेली दहा-पंधरा वाक्ये विद्यार्थ्यांना द्यावीत व प्रत्येक वाक्याबाबत तीन प्रश्न विचारावेत : काय बसवले जात आहे? कोठे किंवा कोणत्या स्थितीत? बसवणारा कोण, की ते आपोआप बसत आहे? त्यानंतर प्रथम ‘बसवणे’, मग ‘लावणे’ आणि शेवटी ‘ठरवणे’, ‘मांडणे’ ही क्रियापदे योजून पाहावीत. विद्यार्थी ‘डॉक्टरांनी हाड ठेवले’ असे भाषांतर करतो, ते मराठी येत नसल्यामुळे नव्हे. वर्गात मराठीकडे पाहण्याची त्याला मुभा नसते, म्हणून ते घडते. ती मुभा मिळताच ‘हाड बसवले’ हा शब्द त्याला घरातूनच सापडतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ‘सेट अबाउट’ किंवा ‘सेट असाइड’सारखे प्रयोग संदर्भासह स्वतंत्रपणे शिकावेच लागतात. शिवाय मराठीत कोठे ‘बसवणे’ आणि कोठे ‘लावणे’ येईल याचा यांत्रिक नियम सांगता येत नाही. परंतु सुटे अर्थ पाठ करण्यापेक्षा सहा गट व एक बीज लक्षात ठेवणे निश्चितच सुकर आहे.

निष्कर्ष

‘सेट’ या क्रियापदाचे शेकडो अर्थ ही विस्कळीत यादी नसून ‘बसवणे’ या एका प्रयोजक क्रियेचा तो विस्तार आहे. समूहवाचक नामाचे मूळ तेवढे भिन्न आहे. या क्रियापदाचे वांशिक नाते संस्कृत ‘सद्’शी, तर अर्थाचे साहचर्य मराठी ‘बसवणे’ व ‘लावणे’ यांच्याशी आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी आपली भाषा हा इंग्रजीच्या मार्गातील अडथळा आहे, असे मानून महाविद्यालयात प्रवेश करतो आणि अनेकदा वर्गातील वातावरण त्याच्या या समजाला पुष्टी देते. ज्या क्रियापदापुढे जॉन्सननेही हतबलता व्यक्त केली, ते समजून घेण्याचे साधन या विद्यार्थ्याच्या बोलण्यात आधीपासूनच आहे. गणपती बसवणाऱ्या, नाटक बसवणाऱ्या आणि दही लावणाऱ्या घरातून तो आलेला असतो. ते साधन त्याच्या हाती आहे याची जाणीव त्याला करून देणे, हे इंग्रजीच्या अध्यापकाचे काम आहे.